घराबाहेरची निकड : सार्वजनिक स्थळी सॅनिटरी नॅपकिनची सोय

सोयगाव तालुक्यातील एखाद्या गावाहून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघालेली स्त्री छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'घाटी'त, येऊन पोहोचते तेव्हा तिला घर सोडून तीन-चार तास झालेले असतात. मग केसपेपरची रांग, डॉक्टरांच्या दाराशी रांग, रक्ततपासणीची रांग आणि शेवटी औषधाची खिडकी. परतीची गाडी पकडून ती घराचा उंबरठा ओलांडते तोवर दिवस मावळलेला असतो. पाळीच्या दिवसांत पॅड किंवा कापडाची घडी चार ते सहा तासांनी बदलावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. याचा अर्थ या एका फेरीत तिला किमान दोनदा आडोसा, पाणी आणि कोरी घडी लागते. ती हे कोठे करते? बहुधा ती करीतच नाही. सकाळी घेतलेली घडी रात्रीपर्यंत तशीच राहते, आणि पुढच्या खेपेस तारीख जवळ आली असेल तर ती दवाखान्याची फेरीच पुढे ढकलते.

घराबाहेर वावरणाऱ्या स्त्रियांची संख्या आज वाढली आहे, आणि ती शासनाने हेतुपूर्वक घेतलेल्या निर्णयांमुळेही वाढली आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला, आणि बसस्थानकांवरील गर्दीचा चेहरा पाहता पाहता पालटला. पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय २०११ मधला. त्यामुळे सरपंच, सदस्य आणि सभापती म्हणून स्त्रिया पंचायत समितीच्या नि जिल्हा परिषदेच्या सभांना तास न् तास बसू लागल्या. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत मुली पाळीने काम करतात, एस.टी.त स्त्री-वाहक आहेत, बंदोबस्ताला स्त्री-पोलीस उभ्या असतात. घराचे दार शासनाने उघडून दिले आहे. दाराबाहेरची व्यवस्था मात्र अजून पुरुषाच्या गरजेवरून बेतलेली आहे.

घर आणि शाळा यांपर्यंत आलेल्या योजना

या क्षेत्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०११ मध्ये ग्रामीण भागातील १० ते १९ वर्षांच्या मुलींसाठी मासिक पाळी स्वच्छता योजना सुरू केली. 'फ्रीडेज' या नावाचे सहा नॅपकिनचे पाकीट सहा रुपयांना आशा कार्यकर्तीमार्फत देण्याची तीत सोय होती, आणि दर पाकिटामागे एक रुपया कार्यकर्तीस मिळे. महाराष्ट्राच्या ग्रामविकास विभागाने ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजना आरंभिली. जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत आणि ग्रामीण स्त्रियांना २४ रुपयांपासून मिळावे, आणि विक्रीचे काम स्वयंसहाय्यता गटांनी करावे, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी जुलैमध्ये नॅपकिनवरील बारा टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. जन औषधी केंद्रांतील 'सुविधा' नॅपकिन जून २०१८ मध्ये अडीच रुपयांना एक याप्रमाणे आले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांची किंमत एक रुपयावर आणण्यात आली.

या प्रयत्नांचे फळ आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाळीच्या काळात स्वच्छ साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७८ टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

परंतु या सर्व योजनांच्या मुळाशी एक गृहीतक आहे. स्त्री महिन्याचे पाकीट आधी विकत घेईल, ते घरात जपून ठेवील आणि वेळ आली की काढील, असे ते गृहीतक होय. पाळीला वेळापत्रक कळत नाही. ती दोन दिवस आधी येते, परीक्षेच्या धास्तीने येते, प्रवासाच्या शिणाने येते. अशा वेळी स्त्रीला आठ नॅपकिनचे पाकीट नको असते. तिला एक नॅपकिन हवा असतो, पण तो त्या क्षणी आणि पन्नास पावलांच्या आत. औषधाचे दुकान बसस्थानकाबाहेर रस्त्यापलीकडे असते, काउंटरवर पुरुष असतो, आणि मागितलेली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून मिळते. (मिठाई पारदर्शक डब्यात आणि नॅपकिन काळ्या पिशवीत, हा आपल्या बाजारपेठेचा अलिखित नियम एकदा तपासून पाहण्याजोगा आहे.)

न्यायसंस्थेने या प्रश्नाची दखल दोन अंगांनी घेतली आहे. शाळांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्र शासनाला सर्व राज्यांसाठी एकसमान धोरण आखण्यास सांगितले. त्यानुसार शाळकरी मुलींसाठीचे धोरण नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाले. पुढे जानेवारी २०२६ च्या निर्णयात न्यायालयाने मासिक पाळीतील आरोग्य हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला, आणि शाळांतून मोफत नॅपकिन व मुलींसाठी वापरण्याजोगी स्वतंत्र स्वच्छतागृहे पुरविण्याचे आदेश दिले. दुसरे अंग सार्वजनिक स्थळांचे. त्याचा मान एका मराठी मासिकाकडे जातो, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' या पुण्याच्या मासिकाच्या नावे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली. डिसेंबर २०१५ मध्ये तिच्यावर निर्णय देताना रस्त्यांवर व सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित प्रसाधनगृहे असणे हे सन्मानाने जगण्याच्या हक्कात मोडते, असे न्यायालयाने म्हटले आणि महानगरपालिकांना त्यासाठी योजना आखण्यास सांगितले. तो निर्णय महानगरपालिकांना उद्देशून होता. तालुक्याचे बसस्थानक, यात्रेचे गाव, आठवडी बाजार आणि लेण्यांचा पायथा ही ठिकाणे त्या चौकटीबाहेर राहिली. आणि आपल्या जिल्ह्यातील स्त्रिया अधिक करून तेथेच असतात.

एक नॅपकिन आणि त्याच्या भोवतीचे सारे

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. नॅपकिन हाती पडला म्हणजे काम झाले, असे नाही. तो बदलण्यासाठी आतून कडी लागणारे दार हवे. हात आणि वस्त्र धुण्यास पाणी हवे. वापरलेला नॅपकिन टाकण्यास झाकणाची पेटी हवी. भिंतीत एक खुंटीही हवी, कारण पर्स, पिशवी आणि साडीचा पदर एकाच वेळी सांभाळून ओल्या फरशीवर उभे राहावयाचे असते. स्वच्छतागृहाचे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यांच्या आराखड्यात खुंटी क्वचित दिसते, याचे कारण आराखडा तयार करणाऱ्याला तिची कधी गरज पडलेली नसते. यांपैकी एक जरी नसले तरी उरलेल्यांवरील खर्च वाया जातो. कापडाची घडी किंवा कप वापरणाऱ्या स्त्रियांची गरज तर पाण्यावरच अवलंबून असते. स्वच्छ धुऊन उन्हात वाळविलेली घडी आरोग्यास मुळीच अपायकारक नाही. पॅड म्हणजे प्रगती आणि कापड म्हणजे अडाणीपणा, अशी मांडणी शिक्षकांनी वर्गात करू नये.

पाण्याचा मुद्दा या शहरात विशेष बोचरा आहे. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असूनही नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. घरातच पाणी मोजून वापरावे लागते तेथे सार्वजनिक प्रसाधनगृहाची टाकी सर्वांत शेवटी भरली जाते. म्हणून कोणत्याही ठिकाणी नॅपकिनची सोय करण्यापूर्वी तेथील टाकी कोण भरतो आणि कोणत्या वारी भरतो, ही चौकशी आधी करावी.

जिल्ह्यातील दोन ठिकाणे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. अजिंठा आणि वेरूळ ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. अजिंठ्यास जाणाऱ्या प्रवाशाला फर्दापूरच्या फाट्यावर आपले वाहन सोडून सुमारे चार किलोमीटरचे अंतर बसने जावे लागते. लेण्यांच्या संरक्षणासाठी ही व्यवस्था योग्यच आहे. पण लेण्यांच्या ओळीत पाळी सुरू झालेल्या सहलीतील विद्यार्थिनीपासून दुकान चार किलोमीटर दूर गेलेले असते. शाळांच्या सहली हिवाळ्यात मोठ्या संख्येने येतात. सहलीच्या सामानाची यादी करताना प्रथमोपचार पेटीत पट्टी, आयोडीन आणि उलटीच्या गोळ्या असतात. त्याच पेटीत सहा नॅपकिन, दोन जादा परकर किंवा सलवार आणि कागदी पिशव्या ठेवण्यास शाळेला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पेटी शिक्षिकेजवळ असावी, आणि ती कोणाजवळ आहे हे मुलींना निघण्यापूर्वीच सांगावे.

दुसरे ठिकाण पैठण. नाथषष्ठीच्या यात्रेस फाल्गुनात दिंड्या पायी येतात, आणि आषाढीला एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून पंढरपुरास निघते. दिंडीत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, आणि मजल-दरमजल चालताना पाळीचे चार-पाच दिवस कोणालाच चुकत नाहीत. या बाबतीत अनुकरणीय उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राज्य महिला आयोगाने २०२२ मध्ये पंढरीच्या पालखी मार्गावर 'आरोग्यवारी' हा उपक्रम हाती घेतला. वाटेवरील मुक्कामांच्या ठिकाणी स्त्रियांसाठी नॅपकिनची व ते नष्ट करण्याची सोय आणि स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष अशी त्याची कल्पना होती. वारीसारख्या सोवळ्या-ओवळ्याशी जोडलेल्या वातावरणात सरकारी यंत्रणेने पाळीचे नाव उघडपणे घेतले, आणि वारीच्या वाटेत त्याने काही अडले नाही. यात्रेचे नियोजन करणाऱ्या ग्रामपंचायतींनी पाण्याचे टँकर आणि दिवाबत्ती यांच्या यादीत ही बाब घालावी.

विटाळाविषयी बोलावयाचे तर मराठवाड्याच्या मातीत त्याचे खंडनही जुनेच आहे. तेराव्या शतकात पैठण परिसरात वावरलेल्या चक्रधरस्वामींनी स्त्रीच्या पाळीचा विटाळ मानला नाही. देहातून स्रवणाऱ्या इतर मळांसारखाच हा एक स्राव आहे, अशी त्यांची भूमिका म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'तून दिसते. सोयराबाईंनीही देहाच्या विटाळाचा प्रश्न अभंगात रोखठोक मांडला. सात-आठ शतकांनंतरही 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला' अशा आडवळणाच्या शब्दांनीच घरोघर काम चालते. आडपडद्याच्या शब्दांनी घरात भागते. परक्या ठिकाणी, खिडकीपलीकडील अनोळखी कर्मचाऱ्याला काय म्हणावे, हा प्रश्न मुलीपुढे उभा राहतो तेव्हा ती गप्प राहणे पसंत करते. म्हणून जेथे सोय आहे तेथे तशी पाटी हवी, ती ठळक अक्षरांत हवी, आणि तीवर 'सॅनिटरी नॅपकिन येथे मिळतील' एवढेच साधे वाक्य हवे. मागावे लागू नये, हे सर्वांत बरे.

सोय नसल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला तेव्हा राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. याची कारणे अनेक आहेत, आणि काही खाजगी दवाखान्यांचा व्यवहारही त्यांत येतो. तथापि फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि एक दिवस काम बुडाले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात, अशा परिस्थितीत पाळीच नको, या निर्णयापर्यंत स्त्रिया पोहोचल्या, हे त्या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य होय. कन्नड, पैठण या आपल्या तालुक्यांतूनही मजूर ऊसतोडीला जातात.

यंत्र बसविल्यानंतर

गेल्या दशकात नाणे टाकून नॅपकिन देणारी यंत्रे शाळा-महाविद्यालयांत, रेल्वे स्थानकांवर आणि कार्यालयांत बसविण्यात आली. हेतू उत्तम होता. पण यंत्र ही एकदा करावयाची खरेदी आहे, आणि नॅपकिन ही रोज संपणारी वस्तू आहे. आपल्या कार्यालयीन पद्धतीत पहिल्या खर्चासाठी लेखाशीर्ष सापडते, दुसऱ्यासाठी सापडत नाही. मग नाणे अडकते, किल्ली बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याकडे राहते, किंवा यंत्र नुसतेच रिकामे होते. माहिती खात्यात काम करताना यंत्राच्या उद्घाटनाची छायाचित्रे प्रसिद्धीसाठी नित्य येतात. तेच यंत्र सहा महिन्यांनी पुन्हा भरले गेल्याचे छायाचित्र अद्याप एकदाही आलेले नाही.

या कारणाने प्रस्तुत लेखकाचे मत असे की, लहान ठिकाणी यंत्रापेक्षा प्रसाधनगृहाच्या आतील भिंतीवरचा साधा उघडा डबा अधिक उपयोगी ठरतो. डबा मोफत असेल तर लोक घेऊन जातील, ही शंका प्रत्येक बैठकीत निघते. काही जातीलही. स्कॉटलंडने या शंकेला कायद्याने उत्तर दिले. तेथील संसदेने नोव्हेंबर २०२० मध्ये एकमताने संमत केलेला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून पूर्णपणे अमलात आलेला कायदा स्थानिक संस्थांवर व शिक्षणसंस्थांवर ही साधने गरजूंना मोफत उपलब्ध करून देण्याचे बंधन घालतो. कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या प्रकारची साधने ठेवावयाची, याविषयी स्थानिक लोकांचे मत घेऊन स्थानिक संस्थेने आपले निवेदन प्रसिद्ध करावे, असेही त्यात आहे. हा देश आपल्याहून श्रीमंत आहे, हे खरे. तरी ठिकाण ठरविण्यापूर्वी स्त्रियांना विचारणे, या भागाला पैसे लागत नाहीत.

खर्चाचा अंदाज करून पाहू. एखाद्या बसस्थानकावर दिवसाला हजार स्त्रिया येतात आणि त्यांतील सहाशे पाळी येण्याच्या वयाच्या आहेत, असे उदाहरणादाखल धरू. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात पाच दिवस स्राव धरल्यास त्या दिवशी सुमारे १०७ जणींना पाळी असेल. बहुतेकींजवळ स्वतःची सोय असते. दहांतील एकीला ऐनवेळी गरज पडली, तर दिवसाला दहा-बारा नॅपकिन लागतील, महिन्याला साडेतीनशेच्या आत. एक रुपयाच्या दराने ही रक्कम साडेतीनशे रुपये होते. बाजारभावाने तिची चौपट-पाचपट झाली तरी एका पंख्याच्या किमतीच्या आसपासच ती राहते. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे मानक ५४०५ पाहून घ्यावे; फार स्वस्त आणि कमी शोषणारा माल घेतल्यास एकाच्या जागी दोन लागतात.

पैसा कोठून आणावयाचा, याची वाट ग्रामपंचायतींना माहीत आहे. स्वउत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्चावयाची असते, आणि ती बहुधा वर्षाच्या अखेरीस घाईने खर्ची पडते. आरोग्य केंद्रांत रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, शाळेत संयुक्त शाळा अनुदान असते, कार्यालयात सादिल खर्च असतो. पुरवठ्यासाठी गावातील स्वयंसहाय्यता गटाशी ठराव करावा. दर सोमवारी डबा भरून सही करण्याचे काम गटातील सदस्याने केल्यास तिलाही चार पैसे मिळतात.

वापरानंतरचा प्रश्न

बाजारातील बहुतेक नॅपकिनमध्ये प्लॅस्टिकचा थर आणि ओलावा शोषणारी रासायनिक भुकटी असते. जमिनीत ते लवकर कुजत नाहीत. शौचकूपात टाकल्यास नळी तुंबते, आणि ती मोकळी करण्यास माणूस उतरवावा लागतो. छत्रपती संभाजीनगर शहराला, तेव्हाच्या औरंगाबादला, कचऱ्याचे मोल फेब्रुवारी २०१८ मध्ये कळले. वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसणाऱ्या नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, आणि रस्तोरस्ती ढीग साचले. त्यानंतर ओला व सुका कचरा वेगळा करण्याची शिस्त शहराला लावून घ्यावी लागली. त्या वर्गीकरणाच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या स्त्री-कामगाराच्या हाती उघडा नॅपकिन येऊ नये, ही जबाबदारी टाकणाऱ्याची आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेला नॅपकिन नीट गुंडाळून देण्याचे आणि त्यासाठी उत्पादकांनी वेष्टन पुरविण्याचे बंधन घातले होते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१७ मध्ये लाल ठिपक्याची मोहीम चालविली. वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठसठशीत लाल ठिपका काढावा, म्हणजे उचलणाऱ्याला आत काय आहे ते न उघडता कळते. शाळेत ही पद्धत एका तासिकेत शिकविता येते. विजेवर चालणाऱ्या लहान जाळपेट्यांविषयी सावध राहावे. पुरेशा तापमानाविना प्लॅस्टिक जळाले तर विषारी धूर त्याच प्रसाधनगृहात आणि लगतच्या वर्गात कोंडतो.

झाकणाची पेटी, तीत कागदी पिशवी, आणि ती रोज रिकामी करणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यास हातमोजे, एवढे प्रत्येक ठिकाणी शक्य आहे. हातमोज्यांची नोंद साठा नोंदवहीत नॅपकिनच्या शेजारच्या रकान्यात घ्यावी. दोन्ही एकाच वेळी संपतात आणि एकाच मागणीपत्रावर मागविता येतात. मागणीपत्रावर सही करणारा अधिकारी कोण, हे ठरवून त्याचे पदनाम डब्यावरील पाटीवर लिहावे. बदली झाली तरी पद राहते.